मुरडशेंगेची भुकटी

ता. ६ एप्रिल, रविवार

चि. कामिनी,

पहिली आली ती शेजारची रंजनाबाई. पाहुण्यांची गाडी अजून तापीच्या पुलावरही नसेल, आणि ही पदर सारखा करत ओसरीवर हजर. मी म्हटलं, "काय वं, आज सकायमाच?" तर म्हणते, "साखर सरी गयी, वाटीभर देशी का?" हातात वाटी, पण डोळे सगळे रस्त्याकडे. तुझ्या कॉलेजातले लोक येणार हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी सांगितलं नाही, तुझ्या आईने सांगितलं नाही, आणि तुझा बाप हल्ली कोणी वेळ विचारली तर तीही सांगत नाही. साखर दिली तरी ती उठली नाही. वाटी मांडीवर घेऊन बसली ती पाहुणे जाईपर्यंत, आणि मुंग्या लागल्या तेव्हा मलाच म्हणते, तुझ्या घरात मुंग्या फार.

तुझा फोन बंद म्हणून हे पत्र. तू शीलाकडे आहेस, तिच्या फोनवर बोलता आलं असतं, पण त्या तुझ्या आत्याच्या घरी फोन वाजला की आधी तिचा नवरा विचारतो कोणाचा, मग सासू विचारते, मग कोंबड्यांना दाणे टाकणारा गडीही मान वर करतो. तिकडे एवढ्या कोंबड्या ओरडत असताना त्यांना फोन ऐकू कसा येतो हेच मला नवल. पत्राचं तसं नाही, ते एकच माणूस वाचतं. मी चौथी पास, ते तुला माहीत आहे. बोलताना मी आपल्या घरचं बोलते, पण लिहायला बसलं की हात आपोआप शाळेतल्या गुरुजींसारखं लिहायला लागतो. तू हसशील. हस, मला चालतं.

तर आले ते तुझे गाईड हेमकांत सर आणि त्यांच्यासोबत एक नव्या मॅडम, स्वप्नाली नाव. रत्नागिरीकडच्या आहेत, कॉलेजात येऊन दोन-तीन महिने झाले म्हणतात. तुझ्या कामाची चौकशी करायला जी समिती नेमली तिच्यात त्या आहेत. समिती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काठीवाले आले होते. पण बाई चांगली निघाली. चपला काढून आत आली, खुर्ची नको म्हणाली, गोधडीवर मांडी घालून बसली, आणि तुझ्या आईने, प्रतिभाने केलेल्या चहाला "छान झालाय" असं दोनदा म्हणाली. एकदा म्हणणारे लोक उपकार करतात, दोनदा म्हणणाऱ्यांना खरंच आवडलेला असतो.

मी आधीच सांगते, तुझ्याबद्दल दोघांनी वाईट शब्द काढला नाही. मी कान लावून होते. सरांनी मला सगळं सावकाश सांगितलं, मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर तू मनातल्या मनात दुरुस्त कर. तू मुरडशेंगेचा अर्क काढलास. त्यात पॉलिफिनॉल किती ते मोजलंस. ते काय असतं ते तू मला दिवाळीत चुलीपुढे बसून सांगितलं होतं, की तवा हवेत राहिला की गंजतो तसं माणसाच्या आतही काही ना काही बिघडत असतं, आणि झाडपाल्यातलं हे द्रव्य त्याला अडवतं. मी तेव्हा माझे गुडघे पुढे केले होते आणि तू म्हणाली होतीस, आजी, इतकं सोपं नाही ते. तर तुझं मोजमाप फारच चांगलं आलं. सर खूश झाले. मग दुसऱ्या मुलांनी त्याच मोलगीच्या बाजारातल्या, त्याच बाईकडच्या शेंगा आणून तेच करून पाहिलं तर निम्मंच आलं. त्यावरून काही जणांना वाटतं की तू आकडे वाढवून लिहिलेस. महिनाअखेरपर्यंत तू येऊन उत्तर दिलं नाहीस तर पीएचडीचं तुझं काम रद्द होईल. सर म्हणाले, "आजी, ती नाही करणार असं माझं मन सांगतं, पण मन समितीपुढे ठेवता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, शेंगा कुठे वाळवल्या, उन्हात का सावलीत, कशावर. मी म्हटलं, माळ्यावर, सावलीत, माझ्या जुन्या सुती लुगड्यावर, पोरगी निघताना बजावून गेली होती तसंच. थोड्या शेंगा अजून शिल्लक होत्या, पिळदार, सुतळीला पीळ घातल्यासारख्या, त्या त्यांनी पिशवीत भरून घेतल्या. मॅडम म्हणाल्या, भुकटी आहे का? प्रतिभाने स्टीलचा डबा आणला, तुला पाठवून उरलेल्या भुकटीचा. मॅडमनी झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि ज्या शिंकायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांना धार. रंजनाबाई म्हणते, "शहरना लोकेस्ले धूळ चालस नही." मी पाणी दिलं, प्रतिभाने डबा पुन्हा फळीवर ठेवला, आणि मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या गावी आंबा लागला की माकडं येतात म्हणे. आपल्याकडे बोरांना पोपट येतात तसं.

तुझ्या बापाचं मी लिहिणार नव्हते. तो पूर्ण वेळ मागच्या दारी म्हशीपाशी बसून होता. पाहुणे निघाले तेव्हा पुढे आला, हात जोडले, "चहा झाला ना?" एवढंच म्हणाला, आणि झालेला आहे हे त्याला दिसत होतं. मी हे पत्र लिहिते आहे ते त्याला ठाऊक नाही.

चौकशीचं कळलं त्या दिवशी फोनवर त्याने तुला विचारलं, "कामिनी, खरं सांग, तू आकडे वाढवले का?" तिकडे सर तुझ्या शेजारी बसले होते, फोनचा आवाज मोठा होता, तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. इकडे मीही ऐकलं. तू फोन ठेवलास, आणि दुसऱ्या सकाळी हॉस्टेल सोडून शीलाकडे जायला नवापूरच्या गाडीत बसलीस. मी त्याची बाजू घेत नाही. बाहेरच्याने विचारलं तर चौकशी असते, घरच्याने विचारलं तर दुसरंच काही असतं. तुझी आई त्या दिवसापासून त्याला वाढते पण शेजारी बसत नाही.

अंड्याचं खात जा. शीलाकडे त्याला तोटा नाही.

तुझी आजी,
दगूबाई


ता. १० एप्रिल, गुरुवार

चि. कामिनी,

तुझं उत्तर नाही आलं, पण येईपर्यंत थांबले तर मी फुटेन, म्हणून लिहिते.

काल रंजनाबाई परवाच्या लग्नातलं जेवण पोटात घेऊन आली. बट्ट्या किती खाल्ल्या विचारलं तर म्हणते, मी मोजत नही. तुपात बुडवलेल्या बट्ट्या मोजायला लागतात तेव्हाच हात थांबतो, ती मोजत नाही म्हणून तिचं पोट असं. ओसरीच्या खांबाला धरून उभी. "दगूबाई, पोट मुरडी ऱ्हायनं वं. काही शे का तुन्हापान?" मी म्हटलं, "मुरडशेंग शे, घरनी." लहानपणी तुला उगाळून किती दिली असेल, पाय पोटाशी घेऊन रडायचीस आणि दोन घटका झाल्या की झोपायचीस. म्हणून तर तू कॉलेजात गेल्यावर हीच शेंग निवडलीस, असं मी सगळ्या गावाला सांगत असते. खरं असो नसो.

फळीवरचा तो डबा काढला, चमचाभर भुकटी कोमट पाण्यात कालवली आणि तिला दिली. एका घोटात प्यायली. मग माझ्याकडे बघायला लागली. मग कपाळाला घाम. मग म्हणते, "माय वं, यामा मिरची शे का काय?"

मला वाटलं, ही नाटकं करते. तिला फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढायची सवय आहे. तरी मी चिमूटभर जिभेवर ठेवली. मुरडशेंग तुरट असते, बेचव, तुला माहीत आहे. ही पण आधी तुरटच लागली. मी म्हणणारच होते की काही नाही, तोवर घशापाशी जळजळ. हळूहळू चढत गेली. प्रतिभाला बोलावलं, तिनेही चाखली. आम्ही तिघी बाया ओसरीवर जिभा बाहेर काढून उभ्या, आणि रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याने सायकल थांबवून बघितलं. बघू दे.

प्रतिभा म्हणाली, "आई, त्या मॅडम शिंकल्या होत्या." बस, तेवढंच म्हणाली.

तुझ्या बापाला, नवनीतला हाक मारली. तो नांगराचा फाळ घासत होता, हात तसेच घेऊन आला. मी विचारलं, "ही भुकटी तू कोठे दळी?"

"भिलाना कांडपवर," तो म्हणाला.

"मिरचीना?"

"मंग काय सोनाना?"

आणि हे बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. मी माझ्या पोटच्या पोराचा चेहरा असा पहिल्यांदा पाहिला.

आता तुला सांगते काय झालं होतं, कारण तुला हे कोणीच सांगितलेलं नाही, आणि आम्हालाही काल कळलं. फेब्रुवारीत तू फोन करून म्हणाली होतीस की आजी, शेंगा वाळल्या असतील, तेवढ्या बारीक करून पाठव, मला वेळ नाही. प्रतिभाने मिक्सरमध्ये घातल्या तर पातं तुटलं. किती चिवट असतात. मी खलबत्ता घेतला तर माझं मनगट दुखलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी नवनीत कांडपवाल्या भिलाकडे आपली मिरची कांडायला गेला, तेव्हा शेंगांची पिशवीही सोबत घेऊन गेला. मला वाटलं, पिठाच्या चक्कीवर नेल्या असतील. प्रतिभाला वाटलं, मी कुटल्या. तुला वाटलं असेल, आम्ही दोघींनी मिळून केलं. दुसऱ्या दिवशी त्याने बारीक भुकटी तुझ्या हॉस्टेलवर नेऊन दिली, आणि तू म्हणालीस, बाबा, किती छान बारीक झाली. तो घरी येऊन हे मला सांगत होता. "छान बारीक झाली म्हणे," असं जेवतानाही म्हणाला, झोपतानाही म्हणाला.

भिलाचं ते मशीन सकाळपासून लाल मिरचीवर चाललेलं, ऐन हंगाम. नवनीत म्हणाला, "भिलाने फडकं मारेल व्हतं." फडक्याने काय होतं? पिठाच्या चक्कीवर पुढच्याची बाजरी असली तर आपल्या गव्हात येतेच की, त्यावरून बाया भांडतात. मिरची तर पोलादाच्या भेगेत जाऊन बसते.

तू म्हणशील, मग वास कसा नाही आला कोणाला. कामिनी, येणार कसा? फेब्रुवारीत आपल्या घरात श्वास घेतला तरी मिरचीच असते. तुझ्या बापाच्या सदऱ्याला, गोधडीला, म्हशीच्या पाठीला. नंदुरबारला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत पडलेल्या, नजर पुरणार नाही इतक्या लाल, आणि वारा सुटला की सगळं गाव खोकतं आणि आपण खोकतो आहोत हे कोणाला कळतही नाही. तुझ्या कॉलेजाच्या खिडकीतून तोच वारा येतो. सर इथलेच, मुलं इथलीच, तू इथलीच. आपल्या सगळ्यांची नाकं त्या बाबतीत मेलेली आहेत. नवं नाक घेऊन एकच माणूस आलं, तेही रत्नागिरीहून.

रंजनाबाई हे सगळं ऐकत होती. जळत्या जिभेने का होईना, ती गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

पण मला एकच भीती आहे. मिरचीत ते तुझं द्रव्य असतं का? असलं तर तुझा आकडा का वाढला ते समजलं. नसलं तर आम्ही तिघी नुसत्याच जिभा काढून उभ्या होतो. मी कोणाला विचारू? तुला ठाऊक असणार, पण तू बोलत नाहीस.

नवनीत काल रात्री जेवला नाही. आज उजाडताच लग्नाचा पांढरा सदरा घातला, तो डबा फडक्यात बांधला आणि मोटरसायकल काढली. कुठे चालला, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सूर्य कलला, अजून आला नाही. बाहेर आवाज झाला की प्रतिभा दारात जाते आणि मग म्हणते, वारा होता.

उजेड कमी झाला, अक्षर दिसत नाही, म्हणून इथे थांबते.

तुझी आजी


ता. २० एप्रिल, रविवार

चि. कामिनी,

तुझा निरोप पोचला. दोनच शब्द, "पत्रं मिळाली," तेही तुझ्या आईच्या फोनवर, मला नाही. पण ठीक. प्रतिभाने स्वयंपाकघरात मला वाचून दाखवला, मग तो फोन बाजेवर नवनीतच्या शेजारी ठेवून पीठ मळायला गेली, आणि पुष्कळ वेळ मळत बसली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्याने तो उचलला, वाचला, पुन्हा होता तसाच पालथा ठेवला. नंतर येऊन मला म्हणतो, आज भाकरी दोन जास्त टाका.

काल पाहुणे पुन्हा आले होते. पहिली कोण आली ते लिहायला नको. आता ती साऱ्या गावात सांगत फिरते की हे कोडं तिच्या पोटाने सोडवलं. पाण्यावर बायांना पोट दाखवते. मी अडवत नाही, तिचा वाटा आहेच.

सर आले, मॅडम आल्या, आणि या वेळी गाडी चालवणारा एक तोंडाळ माणूस. बसल्या बसल्या सर म्हणाले, "आजी, तुमचा मुलगा त्या दिवशी कॉलेजात आला ते तुम्हाला सांगितलं का त्याने?" मी म्हटलं, तो मला काही सांगत नाही. तेव्हा सरांनी सांगितलं. शिपायाला वाटलं हा डबा घेऊन मिरची विकायला आला, त्याने दारातच भाव विचारला. नवनीत तसाच आत गेला, सरांच्या टेबलावर डबा ठेवला आणि उभा राहिला. खुर्चीत बसला नाही. म्हणाला, "चूक मन्ही शे साहेब, पोरनी नही. तिले विचारू नका, माले विचारा." सर म्हणाले, मी इतकी वर्षं शिकवतो, आईबाप मार्क वाढवून मागायला येतात, शिक्षा मागायला आलेला हा पहिलाच.

नवनीत तेव्हा मागच्या दारातच होता. ऐकत असणार, कारण म्हशीला बोलत होता तो आवाज थांबला.

मग मॅडमनी पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेली बाटली काढली. उजेड लागला तर आतलं पाणी बिघडतं म्हणे. कॉलेजात त्यांनी सगळं आधीच नीट तपासून घेतलं होतं, पण मॅडम म्हणाल्या की तुमच्या मुलाने सांगितलं, "मन्ही मायले दखाडा, ती पोरले लिखस." आता घे. मी तुला लिहिलं होतं, त्याला पत्राचं ठाऊक नाही.

बाटलीतलं पाणी असं जांभळं, वांग्याच्या सालीसारखं, चकाकणारं; तुझं ते द्रव्य मिसळलं की त्याचा रंग उडतो म्हणे. तीन काचेच्या नळ्या बाजेच्या कडेला उभ्या केल्या आणि तिन्हींत ते पाणी ओतलं. एकीत खलबत्त्यात कुटलेल्या आपल्या शेंगेचा अर्क, दुसरीत तुझ्या बापाच्या डब्यातल्या भुकटीचा, आणि तिसरीत नुसती भिलाच्या मशीनच्या भेगेतून ब्रशने काढलेली मिरची. हो, ते आधी भिलाकडेही जाऊन आले होते. भिला घाबरला, त्याला वाटलं परवाना तपासायला आले, त्याने त्यांना बसवून उसाचा रस पाजला.

मी डोळ्याची पापणी हलवली नाही. पहिल्या नळीतला जांभळा रंग हळूहळू फिका व्हायला लागला, संध्याकाळ होते तसा, कधी झाली ते कळत नाही. दुसरीतला भराभर गेला आणि पिवळं पाणी उरलं. मी तिसरीकडे बघत होते, कारण माझी सगळी भीती तिसरीतच होती. ती आधी तशीच राहिली. रंजनाबाई म्हणाली, "ही काही होई नही ऱ्हायनी." मी तिला म्हटलं, गप. मग कडेने फिकी झाली. मग मधून. मग पिवळी.

मॅडम म्हणाल्या, मिरचीत तिचं स्वतःचं तसलं द्रव्य असतं, वर आवळ्यातलं व्हिटॅमिन असतं तेही असतं, दोन्ही मिळून हा रंग घालवतात. "आजी, कामिनीचं मोजमाप बरोबर होतं. जे मोजायला दिलं होतं ते एकटं नव्हतं." हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तुला जसंच्या तसं लिहायचं म्हणून.

नवनीत केव्हा येऊन उंबऱ्यात बसला ते मला कळलं नाही. त्याने विचारलं, "म्हणजे पोर खरी व्हती?"

सर म्हणाले, "खरी होती."

तो उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हशीने अर्ध्या तासापूर्वी पाणी प्यायलं होतं.

आता मी तुला खरं सांगते, कारण तो नाही तर मॅडम सांगतीलच. माझी पत्रं शहाद्याला नेऊन टाकणारा तोच. पहिल्या पत्राच्या वेळी माझ्या उशीखाली पाकीट बघितलं, दुसऱ्या दिवशी तिकिटं आणून उशीखाली ठेवली. दुसऱ्या पत्रापासून मी लिहायला बसले की विचारतो, "काय लिखं?" मी वाचून दाखवते, त्याच्याबद्दलचं गाळून. मी गाळते ते त्याला समजतं, कारण तिथे माझा आवाज बदलतो. काल रात्री म्हणाला, "तिले लिख, मी इचारालेच नको व्हतं." मी म्हटलं, तूच लिही. तो म्हणाला, माझ्याने होत नाही. पेन दिलं होतं हातात. धरून बसला आणि परत दिलं. म्हणून ते वरचं वाक्य मी लिहिलं, त्याच्याच शब्दांत, माझं एक अक्षर त्यात नाही.

तू त्याला माफ कर म्हणून मी लिहीत नाही. ते तुझं तू बघ. मला एवढंच सांगायचं की तो माणूस एका बाजूने तुझ्यासाठी शेंगा दळून आणत होता आणि दुसऱ्या बाजूने त्याच शेंगांमुळे तुझ्यावर शंका घेत होता, आणि दोन्ही वेळा त्याला वाटत होतं की आपण बापासारखं वागतो आहोत. म्हातारं झाल्यावर मला असल्या गोष्टींचं हसू येतं. तुला अजून येणार नाही, ते बरोबर आहे.

मॅडम म्हणतात, समितीला सगळं लिहून दिलं आहे, तुझ्यावरचा ठपका गेला. पण तुझं काम तुलाच पुढे न्यावं लागेल, महिना संपायच्या आत येऊन सही करून. शेंगा पुन्हा वाळवायच्या, हाताने कुटायच्या, पुन्हा मोजायचं. आकडा निम्मा येईल. मी म्हटलं, निम्मा तर निम्मा, तो मुरडशेंगेचा स्वतःचा असेल. सर हसले. आणि मॅडम म्हणतात की हे कांडपाचं प्रकरणही तू लिहावंस, कुठे दळलं यानेही मोजमाप फिरतं हे दुसऱ्या मुलांना कळू दे. त्यात रंजनाबाईचं नाव घालायचं का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

नवनीत म्हणतो, मी नवापूरला घ्यायला जाऊ का? मी म्हटलं, ती बोलावेल तर जा. मग म्हणतो, पाहुणे येतील तेव्हा मी पुढच्या ओसरीवर बसेन, मागे नाही. मी म्हटलं, तेवढं कर.

उठताना मी त्यांना विचारलं, परत कधी? मॅडमनी तारीख सांगितली आणि म्हणाल्या, या वेळी जेवायला येऊ, चार जण. मी बोटं मोजली. म्हटलं, तुम्ही, सर, गाडीवाला, तीन झाले. चौथं कोण?

"कामिनी," त्या म्हणाल्या. "ती आमच्या बाजूने, पाहुणी म्हणून येईल. तुम्ही सगळे घरचे, तुम्ही वाढा."

मी प्रतिभाकडे बघितलं, तिने पदर डोळ्याला लावला आणि आत जाऊन उगाच भांडी घासली. वांगी भाजायला आणायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत, मॅडमच्या ताटापासून लांब.

ते मंगळवारी येणार आहेत, एकोणतीस तारखेला, दुपारच्या आत. बुधवारी आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. गावातल्या सगळ्या लेकी त्या दिवशी घरी असतात.

तुझी आजी,
दगूबाई